गीजांगच्या वड्यांचा नफा

४ मार्च, सोमवार
मा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे वडील गेल्यापासून कंपनी त्याच बघतात. म्हणाल्या, महिन्यातून एकदा नफा-तोटा कळून उपयोग नाही. जुलैपासून रोज हवा, प्रत्येक मालाचा वेगळा. मी म्हणालो, माझ्या डोक्यात हे कधीपासूनच होतं. (नव्हतं.) बावीस वर्षं मी या कंपनीचा फायनान्स हेड. बुसानमध्ये माशाच्या वड्यांचा हिशेब माझ्याइतका कुणाला कळतो?
संकल्प : पहाटे पाचला उठून नवं सॉफ्टवेअर शिकणे.

५ मार्च
साडेसातला उठलो. सगळं माझ्या हाताखालच्या योमकडे सोपवलं. लीडरने बारीकसारीक बघू नये.

२२ मार्च
योम अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे तिची जास्तच भीती वाटते. आज विचारलंन, "साहेब, शीतगृहाच्या विजेतला चाळीस टक्के खर्च गीजांगच्या कारखान्याच्या माथी का?" म्हणालो, अनुभवावरून. गीजांगचं शीतगृह बंद होऊन सहा वर्षं झाली, हे घरी येताना बसमध्ये आठवलं. एक स्टॉप पुढे उतरलो.

१८ एप्रिल
जुनी फाइल आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवून पाहिलं. माझ्या फाइलीत गीजांग तोट्यात. नव्यात नफ्यात. सॉफ्टवेअर नवीन आहे, चुकणारच.
पण जानेवारीत मीच लेखी दिलंय : गीजांगची लाइन जूनअखेर बंद करावी. तिथे अडतीस बायका आहेत.


१९ एप्रिल
पाहणीसाठी गीजांगला गेलो. तिथल्या मुकादम बांगबाईंनी काडीला टोचलेली गरम वडी हातात दिली. म्हणाल्या, "अगंबाई, तळणीजवळ आम्ही उभ्या आणि घाम साहेबांना!" सगळ्या हसल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बंद होणार म्हणतात, खरं का हो? नातीची फी भरायचीय. आधी कळलं तर बरं." म्हणालो, छे, अफवा. उरलेली वडी रुमालात बांधून घेतली.

७ मे
संकल्प : उद्या मॅडमना सगळं सांगणे.

८ मे
मॅडम कामात असाव्यात. विचारलं नाही.

९ मे
घसा बसलाय.

२७ मे
राजीनामा कोटाच्या खिशात घालून गेलो. वीज, फाइल, अडतीस बायका, सगळं सांगितलं. चूक माझी, म्हणालो.
मॅडमनी चष्मा काढला. "प्योसाहेब, गीजांग बंद कोण करतंय? तुमचा रिपोर्ट येतो पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला. तोवर मासळी सोडा, महिनासुद्धा शिळा झालेला असतो. तीन वर्षं झाली, आम्ही गोदामातला रोजच्या विक्रीचा फळा बघून ठरवतो."
"मग माझा रिपोर्ट?"
"बाबांची सवय होती. मोडवली नाही."
राजीनामा द्यायला खिशात हात घातला. म्हणाल्या, "राहू द्या. सल्लागार म्हणून थांबा."
बांगबाईंना तिथूनच फोन केला. लाइन चालू राहणार, असं सांगितलं. त्या रडल्या. मीही, थोडा.

१ जुलै, सोमवार
सकाळी आठला रोजचा पहिला नफा-तोटा निघाला. त्याचा मेसेज आला आणि ऑफिसात सगळ्यांचे फोन वाजले.
माझा नाही. योम म्हणाली, "यादीत नाव राहिलं वाटतं साहेब, उद्या घालते."
म्हणालो, घाई नाही.