सरसाने चिकटलेली पदवी

मुला, तुझी कंबर कशी आहे? दुकानात दिवसभर उभा राहू नकोस. सूनबाई, डोळ्यांची आग थांबली का? आणि चिमणे, तुझा खोकला? माझे म्हणाल तर गुडघे कुरकुरतात, डोके मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसे लिहूनही दिले आहे. तेव्हा मी, धंद्याने सुतार, अक्षरे आपली आपण शिकलेला, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने माझ्यामागची व्यवस्था लावून ठेवतो.

१. राहती खोली व बँकेतील शिल्लक सूनबाईंची. रुसायचा हक्क त्यांनी कधी वापरला नाही; आता स्वतःच्या घरात वापरावा.

२. मेहुण्यांना हातांची खुर्ची. मुलाला कॉलेजात घातले तेव्हा ते म्हणाले होते, "दाजी, सुताराच्या पोराला रंधा पुरे." खुर्चीचा एक पाय आखूड आहे. जपून बसावे.

३. रसायनशास्त्राच्या पदवीची चौकट मुलाला. मागची जागा विकून त्याला शिकवले होते. कागदाला सुरकुती पडू नये म्हणून मी हौसेने अख्खा कागद सरस लावून फळीवर चिकटवला, वर काच बसवली. पाहुण्यांना आधी भिंत दाखवायचो, मग पाणी द्यायचो. पुढे औषधांच्या कारखान्यातून बोलावणे आले. मूळ कागद हवा होता. वाफ दिली, पातळ पाते घातले. अक्षरे उचकटू लागली तसा त्याने माझा हात धरला. "राहू द्या बाबा, फाटेल." दुसरी प्रत येईपर्यंत जागा भरली. तो रंगाच्या दुकानात लागला, तो तिथलाच झाला. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

४. परवा तुम्ही सगळे आला होतात तेव्हा मुलगा चिमणीला म्हणाला, "पदवी भिंतीवर शोभते गं. आजोबांचं काम शीक." पोर ताटावरून उठली. मुला, शिक्षणाला घातलेले पैसे वसूल होतात का, मला खरेच सांगता येत नाही. पण कॉलेजात शिकताना पॉलिशचा डबा हुंगून, ही वाफ छातीला वाईट म्हणत तूच मला खिडक्या उघडायला लावल्या होत्यास, म्हणून या छातीत अजून दम आहे. तो कुठल्या हिशेबात धरायचा?

५. खालचा माझा सुतारकामाचा कारखाना, यंत्रे, हत्यारे व लाकूड चिमणीचे. विकून शिकावे किंवा राखून चालवावे, मर्जी तिची. बापाने अडवू नये. त्याला काय हवे ते मी त्याच्या वेळी विचारलेच नव्हते. एका घरात असे एकदा झाले तेवढे पुरे.

सही: आजोबा
साक्षीदार: शेजारचे पॉलिशवाले, डॉक्टरीणबाई
ठिकाण: कारखान्यावरची खोली
तारीख: चिमणीच्या निकालानंतरचा पहिला रविवार

ता. क. चिमणे, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, पण तुझा कॉलेजचा प्रवेश महिनाअखेरीस बंद होतो. म्हणून हे आजच पोस्टात टाकतो. विकायचे ठरले तर गिऱ्हाईक मीच बघेन, माझ्यासारखी घासाघीस तुम्हाला जमायची नाही. काय ठरवलेस ते लवकर लिही. बापाला विचारून नव्हे, तुझे तू.