रुंद तळाची होडी

दादा,

कंपनीतनं आलास की आधी हे वाच. घरी कुणी न्हाई म्हणून घाबरू नको. मी वल्ही न्यायला आलतो. वहिनी सुताराकडं हाय, नव्या होडीत बसलीय.

तू निमुळती घे म्हणालतास. मासं धरायला तीच बरी, आन् तुमची पोर ठकू होडी कलंडून बुडाल्यापासनं माणसं पार न्यायचीच न्हाईत, हे तुझं म्हणणं मला ठावं हाय. पण मी रुंद तळाची घेतली. जाळं टाकायला जरा जड जाईल, पण माणसं भरली तरी डुलत न्हाई.

वहिनी आपणहून संगं आली. वरसभर तिनं नदीकडं बघितलं नव्हतं. निमुळतीत पाय ठेवला तशी होडी कलली, आन् ती पांढरी पडली. मग रुंद होडीच्या मधोमध जाऊन बसली. म्हणाली, "भावजी, हीच घ्या. पलीकडची पोरं कंबरभर पाण्यातनं शाळंला येत्यात. त्यांच्या बी आया वाट बघत आसतील."

आमी पाण्यानंच येतोय. रागावलास तरी चालंल, पण घाटावर ये. तिला हात धरून उतरवायला तूच पायजे.

तुझा गेनू