पंचवीस वर्षं टिकेल असा पत्रा

६ जानेवारी

मिरर फिनिश नको. नकोच! सुनीलने तो तुकडा हातात दिला आणि त्यात मीच दिसलो — टोपी, पांढरे खुंट, मागे दुकानाची ट्यूबलाईट. बोर्ड वाचायला येणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसून काय उपयोग?

सुनीलचं बोर्डांचं दुकान अकोले नाक्याजवळ. माझ्याच वर्गात शिकलेला. "सर, बसा, चा सांगतो. तुमच्या कविता अजून चालीवर पाठ हायेत." म्हणून दाखव म्हटलं, तर दुसऱ्या ओळीला अडकला. तेव्हाही तिथेच अडकायचा! दोघंही हसलो.

त्याने अॅल्युमिनियमचे तुकडे टेबलावर मांडले. एक कारखान्यातून येतो तसा कोरा — दोन पावसाळ्यांत त्यावर पांढरे डाग पडतात म्हणे. एक आरशाचा. एकावर बारीक सरळ रेघा, ब्रश ओढल्यासारख्या. उजेड त्यावर सांडत नाही, मुरतो. आणि एक पावडर कोटिंगचा, गडद हिरवा. त्याला हात लावला आणि बोटं झटकली — उगाच! खडू लागला असं वाटलं.

मग सुनीलने विचारलं, "सर, किती वर्षं टिकायला पायजे?"

बघून सांगतो म्हणालो. तुकडे पिशवीत घालून घरी आणले.

७ जानेवारी

पत्र्याचा एवढा घोळ का घालतोय ते इथे तरी नीट लिहावं.

माझा मुलगा हर्षल अकोले रस्त्याच्या फाट्यावरच्या घरातून गेला त्याला नऊ वर्षं झाली. आधी नाशिक, मग सुरत, मग फोन लागेना. भांडण असं नव्हतं. डी.एड. अर्धवट सोडलं म्हणून बोलाचाली झाली, कोणत्या घरात होत नाही? "तुमच्या कवितांनी पोट भरत न्हाई, दादा" म्हणाला. हसत म्हणाला. मला तरी हसतच वाटलं.

दोन वर्षांपूर्वी फाट्यावरचं घर रस्ता रुंदीकरणात गेलं. आम्ही दोघं संगमनेरात, या कॉलनीत आलो. आता तो आला तर कुठे उतरेल? फाट्यावरच. आणि तिथे काय आहे? डांबर. मोबाईल हरवला असेल, नंबर गेले असतील, पण घर माणसाला पाठ असतं. पाठ असलेल्या ओळीवर येऊन थांबायचं आणि पुढची ओळच नाही!

म्हणून बोर्ड. फाट्यावर, कल्याणच्या हॉटेलाशेजारी, त्याच्याच जागेत. कल्याण आमचा जुना शेजारी, तो नाही म्हणायचा नाही.

९ जानेवारी

ही तुकड्यांना हात लावायला तयार नाही. गवार मोडत बसली होती. म्हटलं, "गोजर, बघ तरी, कुठला बरा?"

"फ्लेक्स लावा की. वाढदिवसाचा असतो तसला."

"फ्लेक्स एका उन्हाळ्यात फाटतो."

"मग फाटू द्या."

पुढची शेंग मोडत आपणहून म्हणाली, "ज्याला यायचं असंल तो इचारत यील."

हिची आशा संपली. आईची आशा आधी संपावी! मी तुकडे पुन्हा पिशवीत घातले.

१३ जानेवारी

आज एक उद्योग केला. लिहितानाही हसू येतंय. चारही तुकडे फाट्यावर नेऊन चिंचेच्या फांदीला सुतळीने टांगले. कल्याण कढई सोडून बाहेर आला. "गुरुजी, ह्ये काय? भूत उतरिवताय का कुनाचं?" मग आरशाच्या तुकड्यासमोर वाकून मिशा बघितल्या. "ह्यो मला द्या. बायकोनं आरसा फोडल्यापास्नं अंदाजानं दाढी चाललीय."

मग मी उलट संगमनेरच्या स्टँडवर आलो आणि अकोल्याच्या एसटीत डाव्या खिडकीला बसलो. हर्षल बसेल तसा. तो कायम डाव्या खिडकीला.

फाटा आला. आरशाचा तुकडा — नुसती चमक, डोळे मिटले. कोरा — आभाळात विरघळला. हिरवा चिंचेच्या पाल्यात सापडेना. रेघांचा मात्र शांत दिसला. झुळकीने फिरत होता तरी उजेड डोळ्यांवर मारत नव्हता, दिसत राहिला.

कंडक्टर म्हणाला, "बाबा, फाटा ना? उतरा." मी म्हणालो, पुढचं तिकीट दे. पुढच्या थांब्यावरून परत आलो, पुन्हा बघितलं. उजव्या खिडकीतूनही बघितलं. एखाद्या दिवशी माणूस जागा बदलतोच.

१४ जानेवारी

संक्रांत. हिने तिळगूळ दिला. बोलली नाही.

१६ जानेवारी

सुनीलला रेघांचा सांगितला. तो म्हणाला, "चांगलं केलंत सर. पन नुसता न्हाई ठेवायचा. अॅनोडाइज करून आनू नाशिकहून." हे म्हणजे रंग नव्हे. पत्र्याचीच कातडी टणक करतात. पोपडा निघायला वर काही बसवलेलंच नसतं. मला आवडलं ते. अक्षरं कोरून त्यात काळा रंग भरायचा.

"आता सांगा, किती वर्षं?"

म्हणालो, जास्तीत जास्त किती?

"वीस-पंचवीस वर्ष बघायला नको."

पंचवीस वर्षं! मी शहात्तर. घरी चालत आलो. वाटेत कितीदा तरी मनात हिशेब केला आणि सोडून दिला. माझं राहू दे. हर्षल साठीच्या पुढे गेलेला असेल. म्हातारा होऊन एसटीतून उतरेल, चष्मा लावेल. बोर्ड असेल तिथे.

२१ जानेवारी

बोर्डावर काय लिहायचं? रात्रभर एक ओळ डोक्यात फिरत होती.

वळून ये इथून तू नव्या घरास वाट ही

लघु-गुरू तपासले — लगा लगा लगा लगा — पंचचामर, कुठे ठेच नाही! पोरांना हे वृत्त शिकवायचो तेव्हा बाकावर ताल धरायला लावायचो. सगळा वर्ग घोड्यावर बसल्यासारखा दौडायचा. हर्षल शेवटच्या बाकावर. तो ताल धरायचा नाही, पण ओठ हलायचे. मी बघायचो.

२३ जानेवारी

सुनील म्हणाला, "सर, गाडीतला मानूस एवढं वाचत न्हाई. नाव, बान, पत्ता — खलास." वाद घातला. तडजोड झाली. वर मोठ्या अक्षरांत 'कानवडे गुरुजींचं घर', खाली 'आता संगमनेरला', कॉलनीचं नाव, माझा मोबाईल. ओळ तळाला, बारीक.

हिला कागद दाखवला. बराच वेळ बघत राहिली. हिचं वाचन सावकाश, अक्षराला अक्षर लावून. मग पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, ओळ भिडली.

२२ फेब्रुवारी

बोर्ड बसला! नाशिकहून यायला वेळ लागला, पण काय सुरेख! ऊन कलल्यावर त्याच्या रेघांत मऊ करडा उजेड भरतो, गाभुळलेल्या चिंचेच्या आत असतो तसा ओलसर. अक्षरं काळीभोर.

कल्याणने नारळ फोडला. मी नको म्हणत होतो. "असू द्या हो गुरुजी. बँकेचं उद्घाटन न्हाई तर न्हाई, बोर्डाचं तरी हुद्या." त्याच्या गिऱ्हाइकांनी विचारलं, गुरुजी परत शिकवण्या चालू करत्यात का!

बोर्डावर चरे पडू नयेत म्हणून दुधी रंगाचं पातळ प्लास्टिक चिकटवलेलं आहे. सुनील ते काढायला पुढे झाला. मी हात धरला. म्हटलं, राहू दे.

"सर, लगेच काढत्यात हे. राहिलं तर—"

राहू दे रे, म्हणालो. आतली अक्षरं दिसतायत की. हर्षल गेल्यावर घेतलेल्या फ्रिजवरचं प्लास्टिक अजून आहे, सोफ्याचंही होतं. घरात नवी वस्तू आली की तिचं प्लास्टिक काढायचा मान हर्षलचा. रेडिओ असो, प्रेशर कुकर असो. नखाने कोपरा उचलायचा आणि चर्रर्र करून एका दमात ओढायचा, मग ते प्लास्टिक डोक्याला बांधून अंगणभर पळायचा. हेही त्यालाच काढू दे. त्याला नवं मिळालं पाहिजे.

सुनीलने हात मागे घेतला. शिक्षकाचं ऐकायची सवय.

९ मार्च

फाट्यावर जाऊन आलो. दोन बस गेल्या. कोणी उतरलं नाही. उतरले ते दोघे कॉलेजचे.

२ एप्रिल

ऊन फार. घरी बसून आहे. जुन्या क्रमिक पुस्तकातली पावसाची कविता मोठ्याने म्हणत होतो. ही ओरडली, "पंखा चालू करा, कविता बंद करा!" बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो.

२६ एप्रिल

बोर्डावरच्या नंबरावर पहिला फोन! धावत उचलला. "गुरुजी, बी-बियाण्याचं दुकान तुमचंच का?" म्हणालो, नाही बाबा.

१७ मे

कल्याणचा निरोप आला — "गुरुजी, बोर्डाला कोड फुटल्यावानी झालंय, येऊन बघा."

खरंच. प्लास्टिक उन्हाने भाजून पिवळं पडलंय, तडकलंय, आणि पत्र्याला असं धरून बसलंय की नख शिरत नाही. कोपरा उचलला तर बोटभर तुकडा मोडून हातात. खालची अक्षरं धुक्यातल्यासारखी. रस्त्यावरून तर काहीच वाचता येत नाही. किती दिवस झाले असतील असं? या दिवसांत तो येऊन गेला असला तर? बोर्डाकडे बघून, काही न कळून पुढे गेला असला तर?

सुनीलला फोन केला. तो म्हणाला, "सर, थिनर लावू नका, मी येतो परवा, हीट गननं गरम हवा मारून काढू." परवा! मधे उद्याचा अख्खा दिवस आहे, एवढ्या बस आहेत.

१८ मे

डाव्या हाताने पेन धरून लिहितोय. वेडंवाकडं येतंय.

सकाळी कोणाला न सांगता गेलो. ब्लेड, थिनरची बाटली, जुनं धोतर. कल्याण म्हणाला, "सावली हुद्या वो," पण सावली व्हायला संध्याकाळ. पत्रा तव्यासारखा तापलेला. ब्लेडने खरवडलं, थिनरने पुसलं. प्लास्टिक सुटायला लागलं तसा हुरूप आला. मग बघतो तर धोतराची चिंधी काळी! अक्षरांतला रंग निघत होता. थांबायला हवं होतं. 'गुरुजींचं' गेलं, 'संगमनेरला' गेलं. बारीक ओळ तर सगळीच. पत्र्याला मात्र काही झालेलं नाही. तसाच्या तसा, शांत, करडा. त्याची कातडी टणक!

कल्याणने ओढून सावलीत बसवलं तेव्हा कळलं, बोटं चिरली आहेत आणि तळव्याला फोड. त्याने पाणी दिलं, टोमणा मारला नाही. तो टोमणा मारत नाही म्हणजे माझी अवस्था काय असेल! स्वतःच्या मोटारसायकलवर घरी आणून सोडलं.

हिने दार उघडलं, हात बघितले, आणि मी कधी ऐकला नाही अशा आवाजात रडली. हर्षल गेला तेव्हाही अशी रडली नव्हती. "बास करा आता. लई झालं. बास करा."

म्हटलं, उद्या सुनील येतोय. अक्षरं पुन्हा भरून देईल.

१९ मे

सुनीलला येऊ नको म्हणून हिने परस्पर सांगितलं. मी रागावलो. ही हळद-तेल कालवत होती, मान खाली. म्हणाली, "त्याला घर ठावं हाय. आपन इथं आलो तवाच मी पत्ता दिला. फोन येतो त्याचा मला, सणासुदीला. सुरतंला हाय. बायको हाय, पोरगी हाय."

पंखा फिरत होता. मी विचारलं — माझं काही विचारतो?

म्हणाली, "हात इकडं करा."