दवादारू

३ मार्च

झालं एकदाचं! मामाच्या दारूच्या दुकानाला कुलूप लागलं. काल सभेत पहिला हात मी वर केला. दवाखान्यातली सिस्टर म्हणून लोक माझं ऐकतात. दुसरा हात शिंपीणकाकूंचा — माझ्याकडे बघत बघत, अर्धाच. मग बायकांचे भराभर वर गेले. पुरुष छताकडे बघत बसले. वस्तीत दारू विकायची नाही, बाहेरून आणायची नाही, घाटाच्या तोंडाशी नाका, प्रत्येक गाडी तपासायची. शहर सहा तासांवर. म्हणजे विषयच संपला.

कुणीतरी विचारलं, अडीअडचणीला सूट? मी ताडकन म्हटलं, "कुणालाही नाही. अगदी मलासुद्धा नाही!" टाळ्या पडल्या.

मामा — सगळ्यांना मामा बनवतो म्हणून मामा — निघताना म्हणाला, "सिस्टर, बंद करणं सोपं असतं हो." जळफळाट, दुसरं काय!

इथे खोटं कशाला लिहू? वस्तीचं कल्याण वगैरे सभेत बोलायला ठीक. मी हे दादासाठी केलं. एकुलता एक भाऊ. असा सुतार पंचक्रोशीत नाही, आणि वीस वर्षं सकाळी चहाच्या आधी बाटली.

५ मार्च

शांत. दोन दिवसांत एकही फुटलेलं डोकं दवाखान्यात आलं नाही. वहिनी म्हणाली, "वन्सं, किती दिवसांनी काल गरम जेवले."

फुगले होते मी. अगदी टम्म.

६ मार्च

दादाने लपवलेली शेवटची बाटली परवा संपली. आज त्याला कप धरता येईना. अंग घामाने चिंब. भिंतीवर मुंग्या आहेत म्हणतो — भिंत स्वच्छ!

मला कळायला हवं होतं. शिकले होते की मी! इतक्या वर्षांची एकदम तोडली तर शरीर उलटतं, झटके येतात, माणूस जातोसुद्धा. सभेत यातलं एक अक्षर आठवलं नाही. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या.

शहरातल्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, गोळ्या उद्याच्या गाडीने पाठवतो, नाक्यावर दाखवायला तुमचं पत्र ड्रायव्हरकडे द्या. घाईघाईत लिहिलं — "रुग्णाच्या दवादारूसाठी. कृपया अडवू नये." सही, शिक्का.

७ मार्च

अडवलं.

नाक्यावरचा रखवालदार नवा. टोपी नवी, शिट्टी नवी. पत्रातल्या त्या एका शब्दावर बोट ठेवून ड्रायव्हरला म्हणाला, "हे बघ, दारू! स्वतःच लिहिलंय की बाईंनी." खोकं जप्त, उघडून बघायचीही तसदी नाही.

आईचा शब्द तो. कुणीही आजारी पडलं की आई विचारायची, "दवादारू केली का?" जन्मभर तोंडात बसलेला. लिहिताना त्यात दारू आहे हे डोक्यातही आलं नाही. हसले. हसता हसताच रडू आलं.

दारूबंदी समितीच्या अध्यक्षांकडे गेले. जप्त माल सोडवायला तिघांच्या सह्या लागतात आणि तिसरा सभासद मंगळवारी परत येणार. "मी तरी काय करू? नियम तुम्हीच घातलात, सिस्टर." खरंच आहे. तीन सह्यांची टूम माझीच.

येताना शिंपीकाकांकडून दवाखान्याचा कोट घेतला. शिवण सापासारखी! डोकं आधीच फिरलेलं, सगळा राग त्यांच्यावर काढला. "काका, डोळे मिटून शिवलंत का हो?" त्यांनी हात झटकन मशिनखाली नेले आणि हसले. "वय झालं, सिस्टर. ठेवून जा, उसवून देतो." नको म्हटलं आणि निघाले.

८ मार्च

दुपारी दादाला झटका आला. वहिनी त्याच्या दातांत चमचा घालायला गेली, तो हिसकावून मी भिरकावला. त्याला कुशीवर वळवला. दोन मिनिटं असतील. दोन जन्म वाटले.

डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळ्या नसतील तर थोडी थोडी द्या, मोजून, नाहीतर वाचायचा नाही. काय द्या, ते दोघांनाही कळत होतं.

मामाच्या मागच्या दारी गेले. मी! तो आत जाऊन बाटली घेऊन आला. मी पदराची गाठ सोडायला लागले तर म्हणाला, "तुमच्याकडून पैसे नकोत. एवढं फक्त लक्षात असू द्या."

बाटलीवर "स्पिरिट" अशी चिठ्ठी डकवली. दवाखान्याच्या कपाटात, कापसाच्या मागे. दर चार तासांनी औषधाच्या मापाने.

९ मार्च

थरथर कमी. मुंग्या गेल्या. मला कुणाशी बोलवत नाही.

१० मार्च

दादा आज अर्धी भाकरी जेवला. वहिनीने माझे पाय धरले. मी ओरडलेच तिच्यावर.

दवाखान्यासमोरचं शिंप्याचं दुकान बंद. मशिनचा आवाज दोन दिवस नाही. दार वाजवलं, काकूंनी चार बोटं उघडलं. "अंगात कसकस आहे. झोपलेत." नजर खाली. पिशवीत दादासाठी ती बाटली होती, वास येतोय की काय म्हणून मीच मागे सरकले. "गोळी घेऊन जा दवाखान्यातून," म्हटलं आणि सुटले. आत या म्हणाल्या नाहीत, बरंच वाटलं.

काकू गोळीला आल्या नाहीत.

११ मार्च

तीन सह्या झाल्या. संध्याकाळी खोकं आलं. मी एका माणसापुरतं मागवलं होतं, डॉक्टरांनी सहाजणांना पुरेल इतकं पाठवलंय. सोबत चिठ्ठी — "अख्ख्या वस्तीत तुमचा भाऊ एकटाच कसा असेल? घरोघर जाऊन सगळ्यांचे हात बघा."

उद्या सकाळी निघते. सुरुवात समोरूनच.

१२ मार्च

उशीर झाला. शिंपीकाका पहाटेच गेले. काकू म्हणाल्या, "शुक्रवारपासून थरथरत होते. तुमच्याकडे कोणत्या तोंडाने आणणार, सिस्टर? हात मीपण वर केला होता ना."

वाकड्या शिवणीचा कोट माझ्या अंगात होता.