छत्रीची पिन कोण काढतं?

१४ जुलै, सोमवार

लिहिण्याचं कारण: आज पुन्हा ऐन बातम्यांच्या वेळी टीव्हीचं चित्र गेलं. बाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता. गेल्या आठवड्यापासून हेच चाललंय. तोंडी बोललं की धाकटी जाऊ चंद्रा म्हणते, "आक्का, तुमाला सगल्याचाच संशय." म्हणून आता लेखी. मी शाळेत मुख्याध्यापिका होते तेव्हाही माझी पद्धत हीच. आधी लिहून ठेवायचं, मग समोर बोलवायचं.

ह्यांना माघात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचा थोडी परत आली ती फक्त संध्याकाळच्या मराठी बातम्यांनी. शेवटी हवामान लागतं, त्यात कोळ्यांसाठी सूचना. बाई म्हणते, "मच्छीमारांनी समुद्रात..." आणि हे पलंगावरून म्हणतात, "जाऊ नये." स्वच्छ. बाकी दिवसभर काही नाही. चहा नाही, पाणी नाही, माझं नाव नाही. बोरिवलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे धरून ते बोलतायत ते रोज ऐकवा. खंड पडला तर आलेलं पण जाईल.

मोबाईलवर लावून पाहिलं. ढुंकून बघत नाहीत. आवाज त्या पेटीतूनच यायला हवा.

१५ जुलै

सकाळी गच्चीवर गेले. दोन्ही घरांवर एकच गच्ची, जिना मात्र धाकट्या दिरांच्या बाजूने. बाबूभाऊजी (पुढे बा.भा.) धक्क्यावर गेले होते. किल्ली चंद्राने दिली, पण मागून वर आली. राखण करायला आल्यासारखी.

छत्री जागेवर. (डिशला इथे सगळे छत्रीच म्हणतात. एकदा बसवली की फुकट. खाडीपलीकडून केबल येते ती भरती-ओहोटी बघून येते, म्हणून मी घेतली नाही.) तोंड बरोबर दिशेला. पण वायरच्या टोकाची पेचाची पिन सुटून लोंबत होती. ओढलेली नाही, तुटलेली नाही. फिरवून काढलेली.

"कावल्यांनी काढली असंल," चंद्रा.

"पेच फिरवणारा कावळा मला एकदा दाखव."

हसली नाही. एरवी हसते.

पिन घट्ट बसवली. संध्याकाळी चित्र आलं. "जाऊ नये" झालं. बातम्यांनंतर थोडा वेळ जीभ सैल असते, तेवढ्यात "बाबू" म्हणाले. बा.भा. आले. हे म्हणाले, "बोट?" रोजचा प्रश्न, घरच्या मासेमारीच्या बोटीचा. रोजचं उत्तर: "शाकारलीय दादा, पलीकरच्या बंदरान. झावल्या घालून बसवलीय झकास." (पावसाळ्यात बोट झावळ्यांनी झाकून ठेवतात, ती शाकारणी.) आणि उभ्या उभ्या गेले. पूर्वी बसायचे, ह्यांचे पाय चेपायचे.

१७ जुलै

काल पुन्हा नाही. आज नाही.

दुपारी केबलवाला दारात. "काकू, छत्रीच्या नादाला कशाला लागलाय? पावसात वाट लागते तिची. कनेक्शन घ्या ना."

"माझी वाट लागली हे तुला कुणी सांगितलं?"

"अख्ख्या गावाला माहितीये."

अख्ख्या गावाला. मी तर चंद्रा सोडून कुणाला बोललेले नाही. ह्याचा फायदा उघड आहे. पण गच्चीवर जायचं तर चंद्राच्या स्वयंपाकघरातून जावं लागतं. म्हणजे एकटा नाही. आतलं कुणीतरी

(दूध उतू गेलं, उठले.)

१९ जुलै

उपाय केला. चंद्रा मासळी घेऊन बोरिवलीच्या बाजारात गेलेली, किल्ली खुंटीवर होती, घेतली. पिन बसवली. तिच्याभोवती ब्लाउजच्या शिवणीचा पांढरा दोरा गुंडाळून साधी गाठ मारली, आपण पुडीला मारतो तशी. कुणी पिन फिरवली तर दोरा तुटेल. वह्या बदलणारी पोरं मी अशीच पकडत असे.

२१ जुलै

संध्याकाळी चित्र गेलं. आता वर जायचं तर सगळ्यांच्या देखत. सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं.

ह्यांनी पेटीकडे बोट केलं. मी म्हटलं, बिघडलीय. भिंतीकडे तोंड केलं.

२२ जुलै

वर गेले. पिन सुटलेली, पण दोरा शाबूत! बाजूच्या वायरला नीट बांधून ठेवलेला. म्हणजे ज्याने काढला त्याला कळलं की ही खूण आहे. मला कळू नये म्हणून परत बांधला.

पण गाठ माझी नाही. ही जाळ्याची गाठ. जाळं सांधताना मारतात ती, फास अंगावर घेऊन टोक खालून काढलेलं. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी शिकवायला घेतली होती. मला कधी जमली नाही. ज्याचा हात जन्मभर जाळ्यात गेला तो दोरा हातात आला की हीच गाठ मारतो. विचार करत नाही.

केबलवाला बाद. तो विक्रोळीचा, त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

गच्चीशी येणंजाणं असलेला आणि जाळं सांधणारा माणूस एकच.

२३ जुलै

का?

रात्रभर तेच. बा.भां.ना मी अंगाखांद्यावर नाही खेळवलं, पण त्यांची दहावी माझ्यासमोर बसून झाली. गणितात पास झाले ते माझ्यामुळे. त्यांना ह्यांचं बोलणं बंद का हवं?

सकाळी धक्क्याजवळच्या दुकानात गेले. बायका बोलत होत्या. मी गेले आणि गप्प. जानकीबाई, जिला गप्प राहणं माहीत नाही, ती पण गप्प. मग नुसतं, "नाखवा कसा हाय गो?" आणि लगेच मिरच्या निवडायला लागली. मिरच्या विकत घेतल्या नव्हत्या तिने.

काहीतरी आहे जे सगळ्यांना माहीत आहे. मला नाही.

इथली घरं रिसॉर्टवाले मागतायत. घर दोघा भावांच्या नावावर. बोलणारा माणूस नाही म्हणू शकतो. न बोलणाऱ्याचा अंगठा नुसता उचलून टेकवायचा असतो. हे लिहून ठेवते. कुणाला बोलणार नाही.

२५ जुलै

चंद्राकडे किल्ली मागितली. कारण सांगितलं नाही.

"आक्का, वर श्यावल हाय. पराल."

"पडले तर मी पडेन."

"तुमी परल्या का दादांचं कोन करंल?"

"आत्तापर्यंत कोण करतंय?"

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला दया आली नाही. रडणारी मुलं नेहमी निर्दोष नसतात. किल्ली मात्र दिली नाही. "त्यांना इचारून देते."

२८ जुलै

दुपारी कसा कोण जाणे टीव्ही चालला. पिन कुणीतरी परत लावली असावी, दिवसा लावायची, संध्याकाळी काढायची. दुपारच्या बातम्यांतही हवामान होतं. बाई म्हणाली, "मच्छीमारांनी समुद्रात..." मी ह्यांच्याकडे बघत राहिले.

काही नाही. ओठ हलले. आवाज नाही.

मग मीच त्या बाईच्या आवाजात म्हणून पाहिलं. दोनदा. ह्यांनी डोळे मिटले. माझ्यात निवेदिकेचा गुण नाही, हे मान्य. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच व्हायला लागलंय. आलेलं जातंय. आता थांबता येणार नाही.

३० जुलै

पकडले.

सहा वाजता मोठ्याने सांगितलं की ह्यांच्या गोळ्या आणायला बोरिवलीला जाते, जानकीबाई ह्यांच्याजवळ बसेल. पिशवी घेतली, खाडी ओलांडायच्या बोटीपर्यंत गेले, बोट सुटू दिली, परत फिरले. चंद्रा ओट्यावर कोळंबी सोलत होती. मला बघून उभी राहिली. "आक्का, नको." मी जिना चढले. दार उघडं होतं.

बा.भा. छत्रीपाशी उकिडवे. हातात वायर.

"काढा ना. मी आल्याने काम थांबवू नका."

पिन लावतही नाहीत, सोडतही नाहीत.

"वयनी..."

"घर हवंय? सरळ मागा. भावाची जीभ कशाला कापता?"

"घर?" माझ्याकडे असे बघत राहिले, जशी मी वेडीच. "कसला घर? वयनी, तो बोट इचारतो."

"मग सांगा."

"काय सांगू? बोट नाय."

टाकीच्या कठड्यावर बसले. जे बोलले ते असं, तुटक तुटक. मे महिन्यातलं वादळ. बोट पलीकडच्या बंदरात नांगरलेली. पहाटे नांगराचा दोर गेला. खडकावर. सकाळी फळ्या किनाऱ्याला. इंजिन बुडालं. शाकारलेली वगैरे काही नाही. ते तेव्हापासून दुसऱ्याच्या वल्ह्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातायत.

"गावात कुणाला माहीत आहे?"

"सगल्यांना."

"आणि मला?"

"नाखवा खाटंवर असला का त्याचे घरान बोटीची वायट खबर नेत नाय, वयनी. बापाचे वक्तापासून हाय. तुमाला सांगितला म्हंजे घरान नेला. मना वाटला, बरा होईल, मंग सांगू. पन त्याची जीभ आली ती पयली बोटीवरच. रोज इचारतो. रोज मी झावल्या घालतो. एकदा इचारलान, 'रंग?' मी सांगितला, निला. वयनी, जी बोट नाय तिला मी निला सांगितला!"

मी म्हटलं, "म्हणून टीव्ही बंद."

"तो गप असला का मना झोप लागते."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की माझी पुढची वाक्यं फुकट गेली. तयार करून नेली होती, तरी.

पिन त्यांनीच बसवली. खाली आलो. चंद्राने दोघांना चहा दिला. कुणी प्यालं नाही. बातम्या लागून गेल्या होत्या.

३१ जुलै

अंगठ्याचा संशय खोटा. कुणाला बोलले नव्हते, म्हणून माफीचा प्रश्न येत नाही. बायका गप्प व्हायच्या ते आमच्यावर दया म्हणून. हे मला संशयापेक्षा जास्त लागलं. एवढ्या गावाने एवढे दिवस तोंड शिवून ठेवलं, जानकीबाईसकट!

पण चूक ती चूक. रीत असेल. रीतीने ह्यांची जीभ जात होती.

बोट ह्यांच्या वडिलांनी बांधून घेतली होती. झटका आला त्या सकाळीही हे तिच्यावर जायला निघाले होते.

संध्याकाळ. पिन जागेवर. चित्र येणार हे माहीत. रिमोट माझ्या हातात. ह्यांनी पेटीकडे बोट केलं.

मी टीव्ही लावला नाही. म्हटलं, बिघडलाय.

याचं कारण आज लिहीत नाही.

१ ऑगस्ट

आजही लावला नाही. 'बोट?' आलं असतं, तर मीही झावळ्याच घातल्या असत्या. बा.भां.ना परवा जे बोलले ते सगळं आता मला लागू.

२ ऑगस्ट, शनिवार

बा.भां.ना बोलावलं. ह्यांच्या खोलीत नाही, ओट्यावर.

"नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली. नाखव्याच्या बायकोने त्या दिवशी बोटीची पूजा करायची. मी काय करू? पलीकडच्या बंदराला नारळ टाकून येऊ?"

"मी दुसरी कुनाची दाखवतो, वयनी. निला रंग मारून..."

"बाबूभाऊजी!"

ते पायरीवर बसले.

"सोमवारी टीव्ही लागेल. ते बोलले तर बोलले. बाबू म्हणून हाक आली तर तुम्ही यायचं, आणि खरं बोलायचं. मी नाही सांगणार. बोट तुमच्या दोघांची होती."

"धसका घेतलान तर?"

"डॉक्टरीणबाईंना विचारलंय. म्हणाल्या, घेऊही शकतात. न बोलता पडून राहिले तर कायमचे राहतील, हेही म्हणाल्या."

"मना नाय जमनार."

"गणितही जमणार नाही म्हणाला होतात."

हसायला आलं त्यांना, मग तोंड फिरवलं. मागून चंद्रा म्हणाली, "जाल हो तुमी. नाय गेलात तर मी जाईन, नि मना सांगताना रडं येईल, नि मंग ते तुमालाच झेपनार नाय."

४ ऑगस्ट, सोमवार

दिवसभर पाऊस. छत्री पावसात चित्र सोडते, तसं झालं असतं तर मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं असतं. संध्याकाळी उघडलं.

ह्यांना उशीवर बसतं केलं. टीव्ही लावला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. बातम्या ऐकत होते की नाही सांगता येत नाही. हवामान लागलं. नकाशा. वाऱ्याचा वेग.

"मच्छीमारांनी समुद्रात..."

बाईने पुढचं म्हणून टाकलं. ह्यांचं काही नाही. मी मनात म्हटलं, गेलं. उशीर केला. चार दिवस माझे, बाकीचे बा.भां.चे.

बातम्या संपल्याचं संगीत सुरू झालं, तेव्हा खालच्या आवाजात, जड, "जाऊ." मग श्वास. मग "नये."

मी उठले नाही, काही केलं नाही. उठले असते तर

थोड्या वेळाने "बाबू."

हाक मारावी लागली नाही. बा.भा. दारातच होते. किती वेळ होते माहीत नाही, पायाखाली पाणी साचलेलं. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काही. मला वाटलं होतं आधी बोलतील. बोलले नाहीत. गोणपाट सोडलं आणि पलंगावर ठेवलं. सुकाणूचा दांडा. किनाऱ्याला एवढाच शोधून मिळाला, हे मला चंद्राने नंतर सांगितलं. त्या दिवसापासून माळ्यावर होता.

ह्यांनी डावा हात त्याच्यावर फिरवला. मुठीकडून सुरुवात केली. तुटलेल्या टोकाशी हात थांबला. बा.भा. म्हणाले, "दादा, मे मयन्यान." एवढंच. पलंगाजवळ जमिनीवर बसले. मी टीव्ही बंद केला.

नोंद:
दिलं: बाबूभाऊजींनी, सुकाणूचा दांडा, एक, टोकाला तुटलेला.
घेतलं: ह्यांनी, डाव्या हाताने.
समक्ष: मी आणि चंद्रा.

दांडा अजून सोडलेला नाही. जेवण तसंच आहे. बा.भा. घरी गेलेले नाहीत. हे अजून काही बोललेले नाहीत.