मालकिणीला टीप देत नाहीत

मम्मी, ओल्ड एअरपोर्ट भागातलं आपलं पार्लर अजून जोरात चालू आहे. आरसे बदलले, खुर्च्या बदलल्या, पण दाराजवळच्या तुझ्या जागेवर मी दुसऱ्या कुणाला कात्री चालवू देत नाही. लायसन इथल्या कायद्याप्रमाणे तेव्हाही कतारी भागीदारणीच्या नावावर होतं, आजही आहे. दुकान कुणाचं, हे मात्र अल खोरपासून मेसईदपर्यंतच्या बायकांना ठाऊक आहे.

तू दुसऱ्याच्या सलूनमध्ये नोकरीला होतीस, तेव्हा इंग्रज बायकांची टीप द्यायची तऱ्हा घरी आम्हाला करून दाखवायचीस. हवापाण्याचं बोलता बोलता, तुझ्याकडे न बघता, घडी घातलेली नोट एप्रनच्या खिशात सरकवायच्या, जणू चोरीच करतायत. पप्पा हसून लोळायचे. तुला ती नोट म्हणजे कामाची शाबासकी वाटायची. मग तू स्वतःचं दुकान काढलंस, त्याच बायका तुझ्यामागे आल्या, आणि पहिला आठवडाभर तुझा खिसा रिकामा. बिल द्यायच्या, 'लव्हली, लव्हली' म्हणायच्या आणि चालू लागायच्या. केस धुणाऱ्या फिलिपिनो मुलीला मात्र न चुकता नोट! त्या संध्याकाळी सुरमई तळता तळता तू म्हणालीस, "हात गेला माझा. धुणारीला देतात नि कापणारीला नाही, म्हणजे काय समजायचं? खलास. उद्या जुन्या मॅडमना फोन करते, परत कामावर घ्या म्हणते." त्या दुकानासाठी तू किती वर्षं झुरलीस, ते पप्पांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तुझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आलं, अल खोरहून येणारी ती पांढऱ्या केसांची बाई. बारावी आटोपून मी तेव्हा काउंटरवर बसत होते. तू तिच्या मानेमागे आरसा धरलास आणि तुझ्या त्या धीट इंग्रजीत सरळ विचारलंस, "मॅडम, माय कटिंग नो गुड?" तिला काही कळेना. तू रिकाम्या खिशावर हात ठेवलास, तशी ती कानापर्यंत लाल झाली. मग चाचरत तिनं सांगितलं की त्यांच्याकडे नोकरी करणारीला टीप देतात, दुकानाच्या मालकिणीला नाही. मालकिणीच्या हातावर नोट ठेवली तर तिचा अपमान होतो. "यू आर द ओनर नाऊ," ती म्हणाली. तू आरसा खाली ठेवलास. "मग आधी नाय सांगायचं? इथे रडून रडून जीव चालला माझा!" हे सगळं मराठीत. एक शब्द न कळताही ती हसत सुटली.

जुन्या मॅडमना करायचा फोन राहिलाच. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून परतताना तू भेटेल त्या आपल्या वसईकराला थांबवून सांगत होतीस, "मला आता कुणी टीप देत नाही." लोक बिचारे तुझं सांत्वन करायला लागले, आणि तू अशी ताठ चाललेली की पप्पांना तुला गाठायला धावावं लागलं. मला तुझा इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

तू गेलीस तिथं हे पत्र कसं टाकणार? कात्र्यांच्या ड्रॉवरमध्येच राहील. हल्ली सगळेच सगळ्यांना टीप देतात, माझ्याही हातात नोटा येतात, मी त्या मुलींच्या टीपच्या डब्यात टाकते. पण एखादी म्हातारी इंग्रज बाई आली, की मुलींना बाजूला सारून मी स्वतः कात्री घेते. ती मला मालकीण समजून काही न देता पर्स मिटणार, हे मला ठाऊक असतं. आणि मम्मी, तुला हे अजिबात पटणार नाही, पण तिच्या ब्लो ड्रायचे पैसे मी बिलात लावतच नाही.