कळंब्याच्या संशयित इसमास जय भीम

कळंबा, कोल्हापूर
१६ एप्रिल २०१०

आदरणीय गणपतीमामांस,
भाचा प्रसेनजीत याचा सविनय जय भीम. यल्लव्वामामींनाही सांगा.

डोळ्याचं कसं काय? पट्टी निघाल्यापासून लांबचं लख्ख दिसतंय, पण जवळ बसलेल्या मामींचा राग दिसेना, असा तुमचा निरोप मिळाला. थेंब वेळेवर घाला. जयंतीला बिद्रीला यायचं होतं, पण बंदोबस्त लागला (आमच्यात घरचं लग्न असलं तरी बंदोबस्त आधी). तुम्ही पासपोर्टची वाट बघताय हे ठाऊक आहे. विहारातली सगळी मंडळी श्रीलंकेत अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला निघालीत, मामींचा पासपोर्ट कधीच आला, अडकलाय तो तुमचा. त्याचं शेवटी लिहितो. आधी आभार मानू द्या, आणि आभाराच्या पोटात एक कबुली आहे तीही ऐकून घ्या (फोनवर सांगण्यासारखी नाही, फोन कोण कोण ऐकतं ते मला माहीत आहे). वडील गेल्यावर तुम्ही मला घरात घेतलं, कारखान्याच्या काट्यावरची नोकरी सांभाळून माझ्या शाळेकडं बघितलं, म्हणून मी आज पोलिसात आहे. गेल्या महिन्यात ही नोकरी पुन्हा तुम्हीच सावरली. तुम्हाला ते कळलंही नाही.

झालं असं. मुंबईच्या हल्ल्यानंतर वरून ठरलं, की सुरक्षेच्या सगळ्या खात्यांनी एकमेकांना माहिती द्यायची. चांगलंच ठरलं की. पण ती दिली जाते का, हे मोजायचं कसं? म्हणून यंदापासून एक तक्ता आला. आम्हाला धरून सहा खाती (बाकीच्यांची नावं लिहीत नाही, गोपनीय आहेत, शिवाय सगळे ओळखीचे). माहिती दिली की एक गुण, मिळाली की एक गुण, मिळालेली पुढं पाठवली की आणखी एक. माहितीत काय आहे याला रकाना नाही. तक्ता भरायचं काम माझ्याकडं. जानेवारीत शून्य, फेब्रुवारीत शून्य. माहिती होती हो, पण आपली माहिती दुसऱ्याला द्यायची म्हणजे आपल्या विहिरीवर दुसऱ्याचं इंजिन बसवल्यागत वाटतंय सगळ्यांना. साहेबांनी बोलावून शांतपणे सांगितलं, मार्चला शून्य दिसलं की तुम्ही चंदगडला. आणि मार्चमध्ये मनालीची दहावी. पोरगी पेपरला निघालेली आणि मी चंदगडला भाड्यानं खोल्या मिळतात का विचारतोय.

नेमके तेव्हा तुम्ही डोळा दाखवायला आमच्याकडं आलता. तीस वर्षं उसाच्या गाड्या तोललेला माणूस, तुम्हाला घरात कुठलं करमतंय. सकाळी उठून तलावाजवळ गारगोटी रोडला दगडावर बसायचं आणि जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर आणि अंदाजे टन वहीत लिहायचे, हा तुमचा उद्योग. (संध्याकाळी ती वही मला वाचून दाखवायचात. मी नुसता मान हलवायचो. आता वाईट वाटतं.) मार्चची आठ तारीख उलटली, तक्ता कोराच. मामा, माझ्या हातून लिहिलं गेलं: ‘कळंबा तलावाजवळ एक वृद्ध इसम वाहनांचे नंबर वहीत नोंदवताना आढळतो.’ नाव घातलं नाही. खोटं एक अक्षर नव्हतं. पाच खात्यांना पाच प्रती, पाच गुण. म्हटलं, भागलं.

भागतंय कुठलं. त्या पाचांचेही तक्ते कोरेच होते. प्रत्येकानं ती माहिती बाकीच्यांना पाठवली, आणि आहे तशी पाठवणं बरं दिसत नाही म्हणून पदरचं थोडं घातलं. पहिल्याकडून परत आली तेव्हा इसम वृद्ध पण चपळ झालता. (तुम्ही, मामा. मी तुम्हाला हाताला धरून रिक्षात बसवत होतो.) दुसऱ्यानं लिहिलं, वहीत सांकेतिक लिपी आहे; तुमचं अक्षर बघता त्याला बोल लावता येत नाही. तिसऱ्यानं तुम्हाला कानडी बोलायला लावलं. चौथ्यानं कळवलं, इसम एक नसून दोन, पैकी एक स्त्री. मामी त्या वेळी बिद्रीत वाळवण घालत होत्या. मी सगळं नोंदवून पुन्हा पुढं पाठवत राहिलो, कारण दाबून ठेवलं तर गुण कापतात. एवढ्यातला एक जण उठून तलावावर आला असता, तर तुम्ही त्याला ‘या पावणं’ म्हणून शेजारी बसवून घेतलं असतंत. कुणी आलं नाही. जाऊन बघण्याला तक्त्यात गुण नाहीत.

मार्चअखेर आमचे गुण एकशे चौदा. बैठकीत प्रगतीची रेघ कागदाच्या बाहेर गेली, वर दुसरा कागद चिकटवावा लागला. साहेबांनी सगळ्यांना भडंग आणि चहा दिला, माझी बदली रद्द झाली, मनालीनं निवांत पेपर दिले. तुम्ही काट्यावर म्हणायचात, “भरल्याली गाडी कुणीबी तोलतंय रं, रिकामी तोलल्याबिगर ऊस किती त्ये कळत न्हाई.” भडंग खाताना तेच आठवत होतं. आमच्या सहा खात्यांत रिकामी गाडी कुणी तोललीच नाही, मामा. ज्या माणसानं मला वाढवलं त्यालाच मी इसम केलं, याची लाज वाटते. आणि तुमच्यामुळं पोरीचं वर्ष वाचलं, म्हणून पाय धरावेसे वाटतात. दोन्ही खरं आहे.

तुमचाच,
प्रसेनजीत

ता. क. पासपोर्टचं राहिलंच. तुमचा अर्ज चौकशीला फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. नियमाप्रमाणं पाचही खात्यांना विचारावं लागलं, या गृहस्थांविषयी काही माहिती आहे का. सोबत फोटो, वय सहासष्ट, आणि मार्चमधला मुक्काम कळंबा, हेही लिहावं लागलं. चार दिवस मला जेवण गेलं नाही. मामींची वीस वर्षांची आस माझ्या एका ओळीनं मोडणार असं वाटत होतं. पाचही उत्तरं एकसारखी आली: ‘सदर व्यक्तीबाबत या कार्यालयाकडे कोणतीही माहिती उपलब्ध नाही.’ सही झाली. खुशाल जाऊन या. (ती पाच उत्तरंही तक्त्यात धरली. पाच प्रश्न, पाच उत्तरं, दहा गुण.)

ता. क. दुसरा. दहा गुणांवर एप्रिल निघत नाही हो. साहेब रोज विचारतात, त्या इसमाचं पुढं काय? तुम्हाला निघायला अजून महिना आहे, तेव्हा डोळा दाखवायचं निमित्त करून दोन दिवस येऊन जा. वही आणा. ऊस संपला असला तरी वाळूचे ट्रक आहेत. आणि या खेपेला मामींनाही आणा, कारण तक्त्यात आता तुम्ही दोघं आहात. एकटेच दिसलात तर मागची माहिती खोटी ठरून गुण कापले जातील. मामींचं माहेर निपाणीचं, त्यांना कानडी येतंच. त्यांना थोडं मोठ्यानं बोलायला सांगा.